कमानीला टेकू

सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना धावण्याच्या वेळेइतकीच धास्ती सपाट पावलाची असते. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवायचा आणि ठसा निरखायचा. टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूला कोरडी जागा राहिली, तर सुटकेचा निःश्वास. सगळा तळवा उमटला, की घरात काळजी सुरू होते. मग कुणीतरी आर्च सपोर्टचे इनसोल सुचवतं. ते बुटात घालून फिरलं, की काही महिन्यांत कमान तयार होईल, अशी आशा धरली जाते.

ही आशा फोल आहे, आणि ते मुलांना वेळेवर सांगायला हवं. अमेरिकेतल्या डॅलसमधल्या एका रुग्णालयात लवचिक सपाट पाऊल असलेल्या लहान मुलांचा तीन वर्षं अभ्यास झाला. काहींना खास बूट, काहींना इनसोल दिले, काहींना काहीच दिलं नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वाढत्या वयाबरोबर सगळ्यांचीच पावलं सुधारली आणि उपचारामुळे वेगळा फरक काही पडला नाही. लहानपणी पाऊल सपाट असणं स्वाभाविकच असतं, कमान हळूहळू आकार घेत जाते. मोठेपणीही चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, पाऊल लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर बहुतेक वेळा त्यावर उपचाराची गरज नसते. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीतही याच गोष्टी पाहिल्या जातात.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. चालताना टाच उचलली आणि बोटं मागे वळली, की हा पट्टा ताणला जातो, कमान वर उचलली जाते आणि पाऊल कडक होऊन शरीर पुढे ढकलतं. हिक्स या संशोधकाने १९५४ साली ही यंत्रणा मांडली. घरी ताठ उभं राहून पायाचा अंगठा कुणाला तरी हाताने वर उचलायला सांगितला, तर आतली कमान डोळ्यांदेखत वर येताना दिसते.

हा पट्टा टाचेपाशी दुखावला, की सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल जिवावर येतं. टाचेत खिळा टोचावा अशी कळ येते, चार पावलं चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, की माणसं घाबरतात. पण असं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या टाचेतही सापडतं.

इनसोलचा खरा उपयोग इथे आहे. कमानीखालचा उंचवटा पट्ट्यावरचा ताण थोडा वाटून घेतो, टाचेवरचा दाब पसरतो आणि दुखऱ्या जागेला उसंत मिळते. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना दिखाऊ पातळ इनसोल, काहींना दुकानात मिळणारे तयार, तर काहींना पायाचा साचा घेऊन बनवलेले दिले. तीन महिन्यांनी खऱ्या इनसोलवाल्यांचं चालणं-फिरणं थोडं सुधारलेलं होतं. तयार आणि मापाचे यांच्यात मात्र फरक नव्हता, आणि वर्षभराने तिन्ही गट जवळपास सारखेच होते. साध्या टाचदुखीसाठी साचा घेऊन महागडे इनसोल करून घेण्याची घाई नको, ती याचसाठी.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे, त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. इनसोल राहतो बुटात आणि बूट राहतात दाराबाहेर. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी सकाळ-संध्याकाळ अनवाणी उभ्या असणाऱ्या बाईने बाजारात जायच्या बुटांत कितीही चांगला इनसोल घातला, तरी तिची टाच दुखते ती गुळगुळीत, कडक टाइल्सवर. तिला घरात घालायची, कमानीला आधार असलेली वेगळी चप्पल लागते. कोल्हापुरी चपलेचा तळ सपाट आणि कडक. दुखणं असेपर्यंत ती बाजूला ठेवलेली बरी. दुकानातले विक्रेते, परिचारिका, शिक्षक यांच्या बाबतीत तर इनसोलच्या आधी खुर्चीचा विचार व्हावा. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय करून देणं केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्यानेच बंधनकारक केलं. पायांच्या आरोग्यासाठी याहून शहाणा उपाय सुचणं कठीण.

म्हणून अनवाणी चालणं वाईट, असं मात्र नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे अभ्यासले. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पावलाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होतं. निरोगी पावलाच्या मुलाला खबरदारी म्हणून इनसोल घालण्यात अर्थ नाही. त्याला मातीवर खेळू द्यावं.

इनसोल घेताना नुसत्या मऊपणाला भुलू नये. कमानीच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून पाहावं. फोम पार तळाला टेकला, तर अंगाचं वजन तो काय पेलणार? बुटातला आधीचा तळ काढूनच नवा बसवायचा, नाहीतर बूट घट्ट होऊन बोटं चेपतात. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग हळूहळू वेळ वाढवायचा. पावसाळ्यात भिजला तर बाहेर काढून सावलीत वाळवावा.

जोडीला व्यायाम हवाच. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात ४८ रुग्णांना इनसोल दिले. निम्म्यांनी तळव्याला ताण द्यायचा, निम्म्यांनी टाचा उचलायच्या. तीन महिन्यांनी दुसरा गट सरस ठरला. कृती अशी: पायरीच्या कडेवर चवडा टेकवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड.

कमान एकाच पायाची नव्याने खचत असेल, घोट्याच्या आत सूज असेल किंवा त्या एका पायावर टाच उचलता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. मधुमेहात पायाची संवेदना गेलेल्यांनी तर दुकानातला कडक उंचवट्याचा इनसोल स्वतःच्या मनाने घालूच नये. तो टोचला तरी कळत नाही आणि फोडाची जखम होते. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणं वापरात आणली. तीच एमसीआर चप्पल आज मधुमेहींना सांगितली जाते. बूट घालण्यापूर्वी त्यात हात फिरवून खडा नाही ना हे पाहावं, काढल्यावर तळवा आरशात तपासावा, आणि लाल वण दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.