गोळी सुटली, संशय राहिला

गरोदरपणात मळमळीची गोळी घेतली आणि बाळात व्यंग निघालं, की बोट आधी गोळीकडे जातं. ही भीती हवेतली नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेल्या आणि गर्भवतींनी मळमळीसाठीही घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो बाळं हातापायांतलं व्यंग घेऊन जन्मली.

पुढे शिक्षा मात्र भलत्याच गोळीला झाली. ‘बेंडेक्टिन’ हे मळमळीचं औषध अमेरिकेत खूप खपायचं. त्यात डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व होतं. बाळांतल्या व्यंगांवरून झालेल्या खटल्यांना कंटाळून कंपनीने १९८३मध्ये ते बंद केलं. आता हिशेब बघा. कोणतीही गोळी न घेता शंभरातल्या साधारण तीन बाळांत जन्मजात दोष असतोच. मग लाखो गर्भवती जी गोळी घेतात, तिच्या माथी अशी हजारो बाळं आपसूक येणार! गोळी दोषी असती, तर ती बंद झाल्यावर व्यंगांचं प्रमाण घटलं असतं. ते घटलं नाही. उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भवती मात्र वाढल्या. २०१३मध्ये तेच मिश्रण नव्या नावाने तिथे परतलं.

ऑनडान्सेट्रॉन या मळमळीच्याच दुसऱ्या औषधाचं प्रकरण जरा नाजूक आहे. पहिल्या तिमाहीत ते घेतलेल्यांमध्ये दहा हजार बाळांमागे दुभंगलेल्या ओठ-टाळूची सुमारे तीन प्रकरणं जास्त, असं २०१८च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. म्हणून सहसा आधी डॉक्सिलामाइनच देतात.

पोटात पाणीही ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर ‘होतंच असं’ म्हणून सोसत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.