दहावीच्या निकालाआधी आजोबांचा कागद शोधा

जून महिना लागला की आमच्या चाकणच्या विहारात रविवारची वंदना संपल्यावरही माणसे उठत नाहीत. कुणाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी असते, कुणाच्या हातात मुलाचे गुणपत्रक. आम्ही आठवडाभर एका कंपनीच्या ऑफिसात कारकुनी करतो आणि रविवारी येथे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो. गेली पंधरा-सोळा वर्षे हे चालले आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला कागदाची भीती वाटत नाही, एवढाच काय तो आमचा उपयोग.

या वर्षांत एक गोष्ट आमच्या पक्की ध्यानात आली आहे. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती बहुतेक वेळा मार्कांवरून जात नाही, ती कागदावरून जाते. आणि तो कागद चाकणमध्ये नसतोच.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मेदनकरवाडीत पत्र्याच्या खोलीत राहणारे एक कुटुंब. वडील परभणी जिल्ह्यातले, येथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार. आई दोन घरची धुणीभांडी करते. थोरली मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. घरात पेढे आले. दुसऱ्या दिवशी बापलेक कॉलेजात गेले, तर खिडकीवरच्या बाबूने विचारले, "कास्ट व्हॅलिडिटी कुठे आहे? नसेल तर पूर्ण फी भरा." फीचा आकडा ऐकून वडिलांना घाम फुटला. त्यांच्याजवळ मुलीच्या शाळेच्या दाखल्याशिवाय जातीचा म्हणून एकही कागद नव्हता, आणि त्या दाखल्यावर लिहिले होते 'बौद्ध'.

त्या रविवारी ते आमच्याकडे आले. म्हणाले, "दादा, राजगुरुनगरला दोन खेटे घातले. ते म्हणतात जातीचा दाखला इथं निघणार नाही."

खेडच्या तहसील कचेरीने सांगितले ते नियमाला धरूनच होते. अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाहतात. त्या दिवशी आपले वाडवडील ज्या गावी राहत होते, त्या भागाच्या प्रांताच्या कचेरीतून दाखला निघतो. मुलगी चाकणला वाढली, शिकली, तिला परभणीची बोलीही धड येत नाही. तरी तिचा दाखला परभणी जिल्ह्यातूनच निघणार, आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होणार. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा दाखला मात्र येथला, राजगुरुनगरचा. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, वाशीमकडून एमआयडीसीत पोटासाठी आलेल्या आपल्या घरांना हे माहीतच नसते. निकाल लागल्यावर कळते, आणि तेव्हा हातात महिनाभरही नसतो.

वडील रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी गेले. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे त्यांचा दाखला मिळणार कुठून? आम्ही फोनवर विचारले, आजोबांचा भाऊ, चुलत भाऊ कुणी शाळेत होता का? एक चुलत आजोबा दोन इयत्ता शिकले होते. ते गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. शाळेचे जुने रजिस्टर उर्दूत होते, त्याचा उतारा आणि भाषांतर घ्यावे लागले. त्यात त्या लहान मुलाच्या नावापुढे जात लिहिली होती, 'महार'. एका ओळीच्या त्या नोंदीवर नातीचे इंजिनिअरिंग अडले होते. पुढे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र झाले, दाखला निघाला, समितीकडे अर्ज गेला. या सगळ्यात वडिलांचे अकरा खाडे झाले. कंत्राटी माणसाला खाड्याचा पगार मिळत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वर तीस हजार व्याजाने काढले ते वेगळेच. कॉलेजने दिलेल्या मुदतीच्या दोन दिवस आधी वैधता प्रमाणपत्र हाती आले.

आता 'बौद्ध' आणि 'महार' या दोन शब्दांविषयी. अनेक घरांत आम्हाला हा प्रश्न रागाने विचारला जातो. १९५६ साली आम्ही ते सोडले, मग पुन्हा कागदावर का लिहायचे? राग खरा आहे. आमच्या वडिलांनीही आमच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिले होते. पण इतिहास असा आहे की धम्मदीक्षेनंतर केंद्र सरकारने आपल्या लोकांच्या सवलती बंद केल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, केंद्राच्या मात्र नाहीत. १९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा कुठे अनुसूचित जातींच्या व्याख्येत बौद्ध आले. म्हणून केंद्राच्या कामी जो दाखला लागतो त्यात मूळ जात आणि बौद्ध धर्म दोन्हींचा उल्लेख लागतो. त्यात धम्म सोडल्यासारखे काही नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' असू द्या, पण आजोबांचा जुना उतारा लाजेने फाडू नका, अशी आमची विनंती आहे. एका घरात तो खरोखरच फाडला होता.

आणखी एक गैरसमज. शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे हात पसरणे, असे काही तरुण मुलांना वाटते. कंपनीत लागलो तर महिन्याला बारा-पंधरा हजार मिळतील, कशाला खिडक्यांपुढे उभे राहायचे, असे ती म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचे पाहावे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची मदत होती. अमेरिकेला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, आणि त्यासाठी त्यांनी ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करार केला, परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा. १९१७ साली मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. पैशावाचून शिक्षण कसे थांबते हे त्यांनी सोसले होते. म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयना दलितांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि उच्च शिक्षणासाठी केंद्राचा पैसा मागितला. सुरुवातीला वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या वेळी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'जीओआय' म्हणून जी यादी लागायची ती हीच. आम्ही त्याच यादीतून बी.कॉम. झालो.

आजही तीच योजना आहे, फक्त २०१७ पासून अर्ज महाडीबीटीवर भरतात. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर फी आणि वर निर्वाहभत्ता मिळतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० आणि घरून जाणाऱ्यास ७,००० रुपये, तर साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ६,००० आणि ३,००० रुपये असे दर ठरले. तीन हजारात चाकण ते भोसरी वर्षभराचा पासही निघत नाही, हे आम्ही जाणतो. पण खरा आधार फीचा आहे.

ओव्हरटाइम मारणाऱ्या पर्मनंट कामगारांनी येथे लक्ष द्यावे. फॉर्म सोळावर अडीच लाखांच्या वर आकडा दिसला की ते समजतात, आपले संपले. संपलेले नसते. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची फ्रीशिप आहे. तीत भत्ता नाही, पण शिक्षण फी आणि परीक्षा फी मिळते. हे न कळल्यामुळे खराबवाडीतल्या एका कामगाराने दोन वर्षे पोराची फी पतपेढीच्या कर्जावर भरली. मात्र इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली तर यातले काही मिळत नाही. एजंट हे सांगत नाही.

बाहेरगावी राहून शिकणाऱ्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ दरांत पुणे-पिंपरी चिंचवडसारख्या शहरांत जेवण, खोली आणि इतर खर्च मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. त्यासाठी आधी वसतिगृहाचा अर्ज भरायचा असतो, तो चुकवू नका.

पैसे कुठे जमा होतात, हेही पाहा. ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात. फॉर्मवर तुम्ही कोणता खाते नंबर लिहिला त्याला अर्थ नाही. मेदनकरवाडीच्या त्याच मुलीचा पहिला हप्ता "आलाच नाही" म्हणून घरात चार महिने चिंता होती. शेवटी आम्ही बँकेत चौकशी करायला लावली. पैसे तिच्या गावच्या जुन्या खात्यात पडून होते. कधीतरी एका सुट्टीत आजीकडे गेली असताना ते खाते उघडले होते, आणि आधारची जोडणी तेथेच राहिली होती. फीची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते, ती कॉलेजात वेळेवर भरावी लागते. आई-बापांनो, त्या पैशातून मोबाइल घेऊ देऊ नका. पुढच्या वर्षीचा हप्ता आणि परीक्षेचा फॉर्म दोन्ही अडतात. आणि आधी पूर्ण फी मागणाऱ्या कॉलेजांविरुद्ध सरकारने वेळोवेळी परिपत्रके काढली आहेत. त्याची प्रत घेऊन दोघेतिघे मिळून गेलो की खिडकीवरचा आवाज खाली येतो, हा आमचा अनुभव आहे. एकट्या बापाला मात्र हाकलतात.

म्हणून आम्ही आता मुलगा नववीत गेला की पिशवी मागवतो. दिवाळीत किंवा जत्रेला गावी जाता ना, मग तेव्हाच शाळेत जाऊन आजोबांचा, चुलत आजोबांचा, आत्याचा प्रवेश-निर्गम उतारा काढून आणा. दहावीच्या सुट्टीत जातीचा दाखला काढा. अकरावीत कॉलेजचे पत्र घेऊन पडताळणीचा अर्ज टाका, म्हणजे बारावीच्या निकालाला धावपळ नाही. नावातले स्पेलिंग, आडनाव, जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का ते याच वेळी जुळवून घ्या. आधारला वडिलांचा चालू मोबाइल नंबर जोडा. जुने सिम हरवले की ओटीपी येत नाही आणि फॉर्म तेथेच थांबतो.

घरात एकाला वैधता मिळाली की वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या इतरांचे काम पुष्कळ सोपे होते. त्या मुलीचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे. परवाच्या रविवारी तिची आई आली होती, कामावरून तशीच. पिशवीत बहिणीच्या वैधतेच्या चार झेरॉक्स होत्या. एक या मुलासाठी, दोन भोसरीतल्या पुतण्यांसाठी. चौथी कुणाची म्हणून विचारले तर म्हणाली, "गावाकडं दिरांची मुलगी हाय, सातवीत. तिचं पण आताच लिहून ठेवा, दादा."