मॉडेल इंजिनाला मोटर कोणती घ्यावी?

कारागीर बंधूंनो, मोठ्या मॉडेल इंजिनाची ऑर्डर आली, तर आधी हिशेब करा, मग मोटर घ्या. आपल्या नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयातील नॅरोगेज इंजिनांच्या रुळांमधील अंतर ७६२ मि.मी. आहे. मॉडेलचे रूळ ४५ मि.मी. ठेवले, तर इंजिन सुमारे १७ पट लहान होते. ताशी ४० कि.मी. वेगाच्या हिशेबाने मॉडेल सेकंदाला ६५ सें.मी. धावावे. त्यासाठी ५० मि.मी. व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे २५० फेरे घेईल. मोटर भारासह ५००० फेरे देत असेल, तर गिअर २०:१ हवा.

माल देण्यापूर्वी धावते इंजिन हाताने अडवून पाहा. चाके रुळावर जागीच फिरली पाहिजेत. मोटरच अडून थांबली, तर कॉइल जळते, माल परत येतो आणि नफा बुडतो.