घोकलेली सिद्धता पेपरात का आठवत नाही?

रात्री अकरा वाजता पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता घडाघडा म्हणून दाखवणारी मुलगी दुसऱ्या दिवशी पेपरात अडते. कारण अगदी क्षुल्लक असतं. पुस्तकातल्या त्रिकोणाला एक अक्षरं होती, पेपरात दुसरी आली. घरी येऊन ती रडवेली होऊन म्हणते, "काल येत होतं गं आई!"

ती खोटं बोलत नसते. काल खरंच येत होतं. पण येत होती ती ओळींची रांग. एक ओळ निसटली की पुढची सगळी रांग कोसळते.

मग पाठांतर सोडून द्यायचं का? नाही. पाठांतराची पद्धत बदलायची.

विसरण्याआधी गाठा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो, याची नोंद ठेवली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. त्यातून दिसलं की सुरुवातीला आपण भराभर विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांच्या अंतराने केली, तर ती जास्त टिकते.

१९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने यासाठी एक सोपी युक्ती लोकप्रिय केली. एक खोका घ्यायचा, त्याचे कप्पे करायचे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज पाहायची, दुसऱ्यातली दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात परत! जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर येतं.

घरातला चपलांचा रिकामा खोका यासाठी पुरतो. फोनवरच करायचं असेल तर अँकी हे ॲप अँड्रॉइडवर मोफत आहे. कुठलं कार्ड कधी दाखवायचं ते तेच ठरवतं.

पण सिद्धता म्हणजे शब्दार्थ नव्हे

इथे बहुतेक जण एक चूक करतात. कार्डाच्या पुढे लिहितात, ‘√२ अपरिमेय आहे हे सिद्ध करा’ आणि मागे अख्ख्या बारा ओळी. ही पुन्हा घोकंपट्टीच, फक्त कागद लहान!

सिद्धतेचे सांधे शोधा आणि प्रत्येक सांध्याचं एक कार्ड करा. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातली हीच सिद्धता घेऊ. √२ ही परिमेय संख्या आहे असं मानू, म्हणजे ती अ/ब अशी लिहिता येईल. आता कार्डं अशी:

१. अ आणि ब यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, असं सुरुवातीलाच का मानतो?
मागे: अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिता येतोच, आणि शेवटी विसंगती याच अटीशी येते.

२. वर्ग केल्यावर काय मिळतं?
मागे: अ² = २ब². म्हणजे अ² सम आहे.

३. अ² सम असेल तर अ सम का?
मागे: विषम संख्येचा वर्ग विषमच येतो.

४. अ = २क ठेवल्यावर ब विषयी काय कळतं?
मागे: ४क² = २ब², म्हणून ब² = २क². म्हणजे ब सुद्धा सम.

५. विसंगती कुठे?
मागे: दोन्ही सम, म्हणजे २ हा सामाईक विभाजक निघाला. तो नाही असं आपण मानलं होतं.

आता सर्वांत मोलाचं सहावं कार्ड: हीच सिद्धता √४ ला लावली तर कुठे अडते?

√४ म्हणजे तर २, ती परिमेयच आहे. तेव्हा सिद्धता कुठेतरी अडायलाच हवी. अ² = ४ब² वरून अ सम येतो. अ = २क ठेवलं की क² = ब² उरतं. ब सम आहे असं त्यातून निघत नाही. चौथ्या कार्डापाशी गाडी थांबली! हे ज्याला सांगता आलं, त्याला सिद्धता समजली. मग √३ आला तरी तो घाबरणार नाही.

कोरा कागद हवाच

नुसत्या सुट्या कार्डांनीही भागत नाही. सांधे माहीत असले तरी ते जोडण्याचा सराव लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर पूर्ण सिद्धता लिहावी. भूमिती असेल तर आकृतीची अक्षरं मुद्दाम बदलावीत. जिथे पेन थांबेल, तिथलं नवं कार्ड करावं.

कार्डं मुलांनी स्वतःच लिहावीत. कुठे प्रश्न विचारायचा हे ठरवतानाच निम्मा अभ्यास होतो.

आणि आई-बाबा, आजी-आजोबांसाठी एक काम. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. रोज संध्याकाळी खोक्यातलं एक कार्ड उचला, प्रश्न वाचा आणि उत्तर मिळालं की एवढंच विचारा, "असं का?"