बेटावरचे एक वर्ष आणि एक प्रश्न

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले, तेव्हा श्रीवर्धनजवळच्या आमच्या घराची कौले उडाली आणि वाडीतल्या सुपाऱ्या उभ्या मोडल्या. चौथ्या दिवशी काही अनोळखी तरुण ताडपत्र्या घेऊन दारात आले. ते कोण, कुठले, हे विचारायचेही आम्हाला सुचले नाही. पुढच्या वर्षी, २६ मे २०२१ रोजी, 'यास' वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच दिवशी पौर्णिमेचे उधाण होते आणि बंगालच्या सुंदरबनातली गावे खाऱ्या पाण्याखाली गेली. बातमी ऐकताना आम्हा दोघांना ती ताडपत्री आठवली. देणाऱ्यांचा पत्ता आमच्याकडे नव्हता, म्हणून हे ऋण दुसऱ्या कुणाकडे फेडायचे ठरवले. कोलकात्याच्या एका लहानशा संस्थेमार्फत डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही मौसुनी बेटावर पोहोचलो.

सियालदा स्थानकावरून लोकल गाडीने नामखाना, तिथून बॅटरीवरची रिक्षा आणि शेवटी होडीने चिनाई नदी. बेटाच्या पश्चिमेला मुडीगंगा, दक्षिणेला समुद्र. भारताच्या हद्दीतल्या सुंदरबनात १०२ बेटे मोजली जातात, त्यांतल्या ५४ बेटांवर वस्ती आहे. इंग्रजांच्या काळात जंगल तोडून आणि मातीचे बांध घालून ही जमीन लागवडीखाली आणली गेली. आज तिथे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर बांध आहेत. भरतीच्या वेळी बांधावर उभे राहिले, तर एका बाजूला नदी वर आणि दुसऱ्या बाजूला घरे खाली दिसतात. आम्हा कोकणातल्या माणसांना हे अगदीच नवे नव्हते. आपल्याकडची खारजमीनही बांध आणि उघाडीच्या जोरावरच टिकते. पण आपल्या पाठीशी डोंगर आहे, बांध फुटला तर वर पळता येते. तिथे चढायला जागाच नाही.

आम्ही एका वृद्ध विधवेच्या घरी मातीच्या भिंतींच्या खोलीत राहत होतो. तिला आम्ही खाला म्हणत असू. तिचे दोन्ही मुलगे केरळात बांधकामावर होते. घरात दोन सुना आणि चार नातवंडे.

दिवस फजरच्या अजानने सुरू व्हायचा आणि लगेच पाण्याची रांग लागायची. गोडे पाणी जवळपास हजार फूट खोल असते, म्हणून प्यायचे पाणी गावातल्या मोजक्या खोल नलिकाकूपांवरूनच आणावे लागे. अंघोळ, भांडी, कपडे आणि वुझू यांसाठी प्रत्येक घराचा तलाव, पण वादळानंतर तो 'नोना' म्हणजे खारट झालेला. मासे मेले होते, साबणाला फेस येत नव्हता. वाहत्या नदीकाठीही वुझूचे पाणी उधळू नये, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकली होती. एका तांब्यात वुझू करायला मात्र आम्ही तिथे शिकलो.

आमचे काम दोन तऱ्हेचे होते. बंगालमधल्या प्राथमिक शाळा कोविडमुळे जवळजवळ दोन वर्षे बंद होत्या, त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडल्या. तोवर आणि त्यानंतरही रोज संध्याकाळी आम्ही ओट्यावर मुलांचा वर्ग घ्यायचो. आमची बंगाली मोडकी, म्हणून आधी गणित शिकवायचो, आणि आमचे उच्चार सुधारायचे काम मुलांकडे. दुसरे काम तलावांचे. पावसाळ्यापूर्वी पंप लावून खारे पाणी उपसायचे, म्हणजे पहिल्या पावसाचे गोडे पाणी तलावात साठते. पंप दुरुस्त करणे आम्हाला येत होते आणि गावाला आमचा खरा उपयोग तिथेच झाला.

पहिल्याच आठवड्यात चुलीपाशी बसलेल्या धाकट्या सुनेने विचारले, "भाबी, तुम्ही दोघं एकत्रच राहता? मग कमावतं कोण?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्या वस्तीत तरणे जोडपे एकत्र राहताना तिने फारसे पाहिलेच नव्हते. खारी जमीन दोन-तीन वर्षे नीट पिकत नाही, म्हणून पुरुष बाहेर जातात. बायका कमरेइतक्या पाण्यात जाळे ओढून कोळंबीचे पिल्लू धरतात, पानमळ्यात मजुरी करतात आणि रात्री फोनची वाट पाहतात. उत्तर द्यायला आम्हाला जड गेले, कारण हे घर आमच्या ओळखीचे होते. आमच्यापैकी एकाचे वडील २६ वर्षे कुवेतमध्ये होते. आमचे शिक्षण झाले ते त्याच पैशावर.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत पुरुष परतू लागले. होडी लागली की अख्खा घाट गोळा व्हायचा. खालाचा मोठा मुलगा दीड वर्षाने आला. ईदच्या सकाळी त्याच्या सात वर्षांच्या पोराने तलावात उडी मारली. ते पाहून बाप नव्या कुडत्यासकट पाण्यात धावला. पोर पलीकडच्या काठाला निघून हसत होते. सगळे हसले, पण बाप हसला नाही. ओल्या कपड्यांनी पायरीवर बसून त्याने बायकोला विचारले, "हा पोहायला कधी शिकला?"

जुलैत आमच्याकडेही असाच प्रश्न आला. दोह्याहून नोकरीचा होकार आला होता. करार दोन वर्षांचा, राहायला कामगारांची खोली, कुटुंबाला परवानगी नाही. बेटावर येण्यापूर्वी आमचे तसे ठरलेच होते, कारण छप्पर आणि वाडीसाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते. तीन रात्री आम्ही दबक्या आवाजात भांडलो. मातीच्या भिंतींतून आवाज जात असावा, कारण चौथ्या दिवशी धाकटी सून म्हणाली, "भाबी, जाऊ द्या त्यांना. कर्ज प्रेमानं फिटत नाही." खाला काही बोलली नाही.

ऑगस्टमधल्या पौर्णिमेच्या उधाणात रात्री बांधातून पाणी झिरपू लागले. मशिदीच्या भोंग्यावरून हाक आली. आम्ही पोहोचलो, तेव्हा चाळीसेक माणसे गोण्यांत चिखल भरत होती. त्यांत पुरुष फक्त सहा, आणि त्यांतले तिघे साठीच्या पुढचे. बाकी सगळ्या बायका, पदर खोचलेल्या, गोण्या एकमेकींच्या हाती देत होत्या. ओहोटी सुरू झाली, तेव्हा फजर जवळ आली होती. बांध टिकला, अलहमदुलिल्लाह. परत येताना खाला एवढेच म्हणाली, "माझे मुलगे दर महिन्याला पैसे पाठवतात. पण बांध फुटायची रात्र पैशाला विचारून येत नाही."

त्या आठवड्यात आम्ही दोह्याला नकार कळवला. हा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. कर्ज अजून फिटलेले नाही. जे जातात त्यांना नावे ठेवायचा आम्हाला हक्क नाही. आमच्यासमोर दोन वाटा होत्या. खालाच्या मुलांसमोर एकच होती.

आमच्यासारखे कुणी जोडपे अशा सेवेसाठी जाऊ इच्छित असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. निदान सहा महिन्यांचा वेळ काढा, कारण पहिले दोन महिने तुम्ही गावावर ओझेच असता. तिथल्या भाषेतले शंभर शब्द आधी शिका. जुने कपडे वाटायला नेऊ नका, हाताला येणारे एखादे काम न्या. आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून जा. पुरुषाला घाट आणि मशीद कळते, बाईला चूल आणि पाण्याची रांग. रात्री दोघांनी ऐकलेले एकत्र केले, तेव्हाच आम्हाला ते गाव थोडेफार समजले.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही घरी परतलो. आता एकजण शाळेत शिकवतो, दुसरा पंप दुरुस्त करतो. आपल्या गावच्या खारबांधाकडे पूर्वी आमचे लक्षही नसायचे. आता पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला आम्ही त्यावर एक फेरी मारून येतो. खालाचा फोन महिन्यातून एकदा येतो. सलाम झाला की ती आधी आमच्या बांधाची चौकशी करते, मग आमची.