उलट्या नळीतला बुडबुडा

सकाळी ८.१०. मावशी लॅबचं कुलूप काढतात. पुण्यातलं कॉलेज, दुसरा मजला, मायक्रोबायोलॉजी. घरून दोन बस बदलून यायचं. नोकरी कंत्राटी, महिन्याला चौदा हजार हातात. पिशवी ठेवायच्या आधी इनक्युबेटर बघतात. ३७ अंश. ठीक.

८.३०. एमएससीची मुलगी रात्रभर ठेवलेल्या नळ्या उजेडात धरते. दोन रॅक. दोन्हीकडे ई. कोलाय, तोच ग्लुकोजचा ब्रॉथ, गढूळपणाही सारखाच. प्रत्येक नळीत एक छोटी डरहॅम ट्यूब उपडी घातलेली. पहिल्या रॅकमध्ये तिच्या वरच्या टोकाला बुडबुडा. दुसऱ्यात नाही.

मावशी विचारतात, "त्यांचं काय काढून घेतलंय?"

मुलगी सांगते. हवा नसली की हा जिवाणू साखर मोडून आम्लं सोडतो. त्यातलं एक फॉर्मिक. साठत गेलं तर त्याच्याच जिवावर येतं. मग तो दोन एन्झाइमांची जोडी कामाला लावतो. एक हे फॉर्मिक, म्हणजे फॉर्मेट, फोडतं. दुसरं, हायड्रोजनेज-३, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना देतं. त्याच्या गाभ्यात निकेल आणि लोखंड असतं. आम्लपणा म्हणजे हे प्रोटॉनच. ते हायड्रोजन होऊन उडून जातात. दुसऱ्या रॅकमधल्या जिवाणूत हायड्रोजनेज-३चं जनुक नाही.

हायड्रोजनेज हे नाव १९३१चं, केंब्रिजच्या मार्जरी स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी दिलेलं. मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर स्टीफन्सनबाईंचा फोटो चिकटवलाय.

१०.३०. दोन्ही रॅकमधल्या जिवाणूंची खरी परीक्षा. हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच अडीचवर, जवळजवळ पोटातल्याइतका. नायट्रोजन फुंकून रबरी बूच. सिलिंडर भरून आणायचा तर टेम्पोचं भाडं वेगळं, म्हणून कॉक अगदी जपून फिरवायचा. तासभर थांबायचं.

१२.००. एक मिली घ्या, नऊ मिलीत सोडा. परत एक, परत नऊ. मग प्लेटवर पसरा. मावशी टिप्सचे डबे भरत बसतात, एकेक टिप हाताने.

१.३०. भाकरी, गवारीची भाजी.

३.००. कालच्या प्लेटा. मुलगी मागून मार्करने ठिपके देत वसाहती मोजते. ॲसिड न दिलेल्या प्लेटा दोन्हीकडे सारख्या भरलेल्या. ॲसिड दिलेल्यांत बुडबुडेवाल्यांची मोजणी संपत नाही. दुसऱ्यांच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. २०१०मध्ये अमेरिकेतल्या केनियन कॉलेजमधून हेच छापून आलं होतं. तरी तिने प्लेट दोनदा मोजली.

४.१५. वापरलेलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. १२१ अंश, १५ पौंड. मग धुणं. डरहॅम ट्यूबमध्ये ब्रश जात नाही. साबणाच्या पाण्यात उकळायच्या, एकेक चिमटीत धरून झटकायची. आज साठेक. दोन फुटल्या. त्या मावशी वेगळ्या वाटीत ठेवतात, हिशोब द्यावा लागतो.

उद्याच्या ट्यूबा ताज्या ब्रॉथमध्ये उपड्या. त्यांत हवा असतेच. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने ती बाहेर पडते, निवताना ब्रॉथ आत चढतो.

५.५०. मावशी निवलेली एकेक नळी ट्यूबलाइटसमोर धरतात. एकीत मोहरीएवढी हवा राहिलीय. उद्या ती हायड्रोजन म्हणून मोजली जाईल.

"ही नको," म्हणतात, आणि बाजूला ठेवतात.