सागरी इतिहासाचे खानदेशी दफ्तर

सागरी वारसा म्हटला की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे सिंधुदुर्गाचा तट, विजयदुर्गाची खाडी आणि कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांचे आरमार उभे राहते, आणि ते सर्वथा रास्तच आहे. परंतु धक्क्याला लागलेल्या जहाजात जो माल चढतो तो ज्या मुलखात पिकतो, ज्या मागांवर विणला जातो आणि ज्या घाटवाटांनी व नाक्यांवर जकात भरीत किनाऱ्यापर्यंत उतरतो, तो सारा मुलूख त्या बंदराच्या इतिहासाचा तितकाच हक्कदार असतो. या दृष्टीने पाहिले असता, समुद्राचे दर्शनही न घडणाऱ्या धुळे-जळगावच्या भूमीत पश्चिम सागराच्या इतिहासाची विपुल साधने आहेत, आणि ती जतन करण्याचे कार्य पिढ्यान्‌पिढ्या ज्या निरपेक्ष माणसांनी केले त्यांची गणना सागरी वारशाच्या रक्षकांतच केली पाहिजे.

या नात्याचा मूळ धागा म्हणजे तापी. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा इत्यादी नद्यांचे पाणी घेत सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून ही नदी सुरतेजवळ समुद्राला मिळते. खानदेशातील तिचे पात्र खडकाळ असल्यामुळे त्यातून मालाची वाहतूक होत नसे. माल जाई तो तिच्या खोऱ्यातून, बैलगाड्यांवर आणि वणजाऱ्यांच्या तांड्यांवर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याचे नमूद आहे. चाळीसगावजवळच्या डोंगरातील पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळातील दात्याचे, दानलेख आजही वाचता येतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तर पूर्णावदानाच्या कथेतील एक जहाजच चित्रित केलेले आहे. तीन डोलकाठ्या, उभट शिडे, सुकाणूची वल्ही आणि मागील बाजूस ओळीने मांडलेले रांजण त्यात स्पष्ट दिसतात. या कथेचा नायक पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा व्यापारी. अजिंठ्याच्या दरीतून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, म्हणजे त्या चित्राच्या पायथ्याचे पाणी अखेर सुरतेच्या समुद्रालाच जाते.

या चित्रांच्या जतनाचा इतिहास स्वयंसेवकांना मोठा धडा देणारा आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. ते स्वतः १८७९ मध्ये निवर्तले व त्यांचे दफन भुसावळ येथे झाले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या, आणि त्यांपैकीही कित्येक लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार आले आणि तेच काम तिसऱ्यांदा झाले. वारशाची नोंद एकाच प्रतीत व एकाच ठिकाणी ठेवणे म्हणजे ती दैवाच्या हवाली करणे होय, हे या दोन अग्निप्रलयांनी कायमचे सिद्ध केले.

मोगल अमदानीत सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर झाले आणि सुरत-बऱ्हाणपूर हा राजमार्ग खानदेशाच्या मध्यातून वाहू लागला. नंदुरबार, थाळनेर, चोपडे हे त्यावरील मुक्काम विल्यम फिंच आणि ताव्हेर्निये या युरोपीय प्रवाशांनी नोंदले आहेत. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो याच मुलखातून. धरणगावच्या कापडासाठी इंग्रज कंपनीने तेथे वखार घातली, आणि शिवछत्रपतींच्या फौजांनी सुरतेपाठोपाठ खानदेशातील पेठाही लुटल्या, कारण बंदराची आणि पेठेची संपत्ती एकच होती. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केलेल्या बारा दुर्गांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीला बागलाणातील साल्हेर बसला आहे. सुरतेच्या वाटांवर नजर ठेवणाऱ्या या गिरिदुर्गाला जलदुर्गांच्या शेजारी मिळालेले स्थान सर्वथैव उचित आहे.

या साऱ्या व्यवहाराचा कागद जपला कोणी? धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थ संप्रदायाच्या जुन्या बाडांचा शोध आरंभिला, आणि हस्तलिखिते जपण्याची वृत्ती या शहराच्या अंगी बाणवली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी पदरमोड करून व गावोगाव पायपीट करून मिळवलेले कागद ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या बावीस खंडांत प्रसिद्ध केले, त्याच राजवाड्यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ विस्तृत प्रस्तावनेसह छापून उत्तर कोकणच्या किनारपट्टीच्या इतिहासाचे एक अनमोल साधन वाचकांच्या हाती दिले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळे मुक्कामी त्यांचे देहावसान झाले, आणि १९२७ साली भास्कर वामन भट आदी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापून त्यांचा संग्रह सांभाळण्याची जबाबदारी शिरावर घेतली. ‘संशोधक’ हे मंडळाचे त्रैमासिक त्या जबाबदारीचीच साक्ष होय.

हे काम बाहेरून दिसते त्याहून कितीतरी जिकिरीचे असते. रुमाल सोडायचा, मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, वाळवीने चाळण केलेला कागद न फाटता उलगडायचा, त्याची यादी करायची आणि मग शब्द न तोडता धावणारी मोडी बालबोधीत उतरवायची. कागदावर ‘इहिदे सबैन व अलफ’ असे लिहिलेले असेल तर तो सुहूर सन १०७१ होय, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजेच सुरतेच्या दुसऱ्या लुटीचे ते वर्ष, हे ज्याला सरावाने उमगते तोच तो कागद इतिहासाच्या स्वाधीन करू शकतो. असा वाचक तयार होण्यास काही वर्षे लागतात, आणि त्याला वेतन असे क्वचितच मिळते.

सागरी इतिहासाच्या अभ्यासाकरिता व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांनी १९७८ साली मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली, आणि किनाऱ्यावरील दुर्गप्रेमी तरुण जलदुर्गांच्या तटांवरील झाडोरा काढण्यासाठी सुट्ट्या खर्ची घालीत आहेत. त्यांच्या या उद्योगाला खानदेशाने आपल्या वाट्याची जोड द्यावयास हवी. लोहमार्ग झाल्यावर येथला कापूस मुंबई बंदराकडे वळला. त्या काळच्या पेढ्यांच्या रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या आणि पावत्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर असतील तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेतली पाहिजेत, तापीकाठचे घाट व उतार मोजून त्यांचे नकाशे केले पाहिजेत, आणि अजिंठ्याचा धडा ध्यानी ठेवून प्रत्येक नोंदीची एक प्रत धुळ्यास व दुसरी अन्यत्र ठेवली पाहिजे. राजवाडे संशोधन मंडळाची शताब्दी २०२७ साली येत आहे. त्या वर्षी प्रत्येक तालुक्यातून मोडी वाचणारी चार तरुण माणसे जरी उभी राहिली, तरी किनाऱ्यावरच्या अभ्यासकाला सुरतेच्या व्यापाराचा निम्मा हिशेब खानदेशाकडून मिळेल, आणि तो देणे हे या प्रदेशाचे कर्तव्यच आहे.